कॅन्सर इम्युनॉलॉजीत पीएचडी करू की क्यूसीची नोकरी धरू? कळव्याच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, कार-टी उपचाराबद्दल (पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याबद्दल) वाचल्यापासून कॅन्सर इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा कॅन्सरशी कशी झुंजते या विषयात, संशोधन करावं असं मनात आहे, पण बाबा म्हणतात, सहा-सात वर्षं घालवून हाती काय लागणार, त्यापेक्षा नवी मुंबईतल्या एखाद्या बायोटेक कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, लाग. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘या विषयाला पुढची वीस वर्षं स्कोप आहे का?’

मी या कामात तेवीस वर्षं आहे, त्यातली निम्म्याहून जास्त खारघरला. दरवर्षी हा प्रश्न विचारणारी दोन-चार मुलं भेटतात. स्कोपचं उत्तर मी लगेच देऊ शकते, आहे म्हणून. पण त्या उत्तराचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. या कामात रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं असतं, ते मला सात-आठ वर्षं मनापासून करता येईल का, आणि तोवर घर कसं चालेल? बाबांच्या प्रश्नाचा शेवटचा भाग रास्त आहे, त्याकडे मी पुढे येतेच.

आधी स्कोपबद्दल. मी पीएचडीला लागले तेव्हा कॅन्सर इम्युनॉलॉजी हा शहाण्या माणसाने टाळायचा विषय समजला जात होता. त्याला कारणही होतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा कॅन्सरच्या पेशी ओळखून मारत असावी, ही कल्पना पॉल एर्लिख यांनी १९०९मध्ये मांडली होती, आणि १९५०च्या दशकात बर्नेट आणि थॉमस यांनी ती पुन्हा जोरात पुढे आणली. मग १९७४मध्ये स्टुटमन यांचा प्रयोग आला. थायमस ही ग्रंथी नसलेल्या, म्हणून तिथे तयार होणाऱ्या टी पेशी (बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या ‘न्यूड’ उंदरांना त्यांनी कॅन्सर करणारं रसायन टोचलं आणि साध्या उंदरांपेक्षा त्यांना जास्त गाठी होतात का ते पाहिलं. झाल्या नाहीत. प्रयोग नेटका होता, उंदीर भरपूर होते, निष्कर्ष स्पष्ट होता. प्रतिकारशक्ती कॅन्सरवर पहारा देते ही कल्पना बहुतेकांनी गुंडाळून ठेवली.

पुढे कळलं की न्यूड उंदरांत थोड्या टी पेशी असतातच, आणि नॅचरल किलर या दुसऱ्या प्रकारच्या मारक पेशी तर चांगल्या शाबूत असतात. शिवाय वापरलेल्या जातीचे उंदीर ते रसायन शरीरात जास्त विषारी रूपात बदलणारे होते. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर’ म्हणून जो घेतला होता, तो तसा नव्हताच. २००१मध्ये श्रायबर आणि सहकाऱ्यांनी टी आणि बी पेशी खरोखरच तयार होऊ न शकणारे उंदीर घेऊन प्रयोग केला, तेव्हा गाठी जास्त आल्या आणि कल्पना पुन्हा उभी राहिली. मधे सत्तावीस वर्षं गेली.

त्या सत्तावीस वर्षांत जे टिकले ते स्कोप पाहून टिकले नाहीत. जेम्स ॲलिसन यांना टी पेशी सुरू कशी होते आणि थांबते कशी, याचं वेड होतं. सीटीएलए-४ हा रेणू टी पेशीचा ब्रेक आहे हे उमगल्यावर तो ब्रेक अडवला तर उंदरातल्या गाठी विरघळतात, हे त्यांच्या लॅबने १९९६मध्ये दाखवलं. त्यावरचं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०११ उजाडलं. तासुकू होंजो यांच्या लॅबला टी पेशीच्या दुसऱ्या एका ब्रेकचं, पीडी-१चं जनुक १९९२मध्ये सापडलं ते पेशी मरतात कशा हे शोधताना. २०१८चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. १९९५ साली कुणी ‘याला स्कोप आहे का’ असं विचारलं असतं, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच आलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की विषय निवडू नका, प्रश्न निवडा. ‘मला कॅन्सर इम्युनॉलॉजी करायची आहे’ हे मुलाखतीतही फिकं वाटतं. ‘तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत शिरलेल्या टी पेशी तिथे जाऊन गप्प का बसतात, हे मला पाहायचंय’ असं कुणी म्हणालं की पॅनेलवरची माणसं मान वर करून बघतात.

आता रोजचं काम. हे मी जरा जवळून सांगते, कारण पेपर वाचून याचा अंदाज येत नाही.

ओपीडीतून पेशंटच्या रक्ताची नळी येते. रक्त सलाइनमध्ये पातळ करायचं. दुसऱ्या नळीत तळाशी फायकॉल नावाचं जड द्रव घेतलेलं असतं. ती नळी तिरकी धरायची आणि पिपेटचं टोक काचेला टेकवून रक्त फायकॉलवर इतक्या हळू सोडायचं की दोन थर मिसळता कामा नयेत. हात थरथरला की पुन्हा पहिल्यापासून, आणि पेशंटचं रक्त दुसऱ्यांदा मागता येत नाही. मग सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून, अर्धा तास. बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल पेशी, आणि मधे दुधावर साय धरावी तशी पांढुरकी कडी. तुमच्या टी पेशी त्या कडीत असतात. ती अलगद ओढून घ्यायची, दोनदा धुवायची, ट्रिपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली जिवंत-मेलेल्या मोजायच्या. निळी दिसली ती मेलेली. पहिले सहा महिने एवढंच चांगलं जमलं तरी मी विद्यार्थ्याला शाबासकी देते.

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला वाटलं होतं की मला मोठं काही सापडलंय. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या टी पेशी चेतवल्या तरी निरोगी माणसांच्या टी पेशींच्या मानाने फारच कमी वाढत होत्या. एक नाही, दोन नाही, अकरा महिने, सॅम्पलमागून सॅम्पल, तोच निकाल. आलेख सुंदर होता, पोस्टर छापायला गेलं होतं. लॅबमध्ये एक जुने टेक्निशियन होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. एका दुपारी ते माझ्या मागे उभे राहून नळ्या बघत होते. म्हणाले, ‘ताई, पेशंटच्या नळीत त्या कडीला लालसर झाक असते. आपल्या पोरांच्या रक्तात दिसत नाही ती.’

मी दोन नळ्या शेजारी धरून खिडकीकडे नेल्या. खरंच होतं. अकरा महिने मी त्या कड्या ओढत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

शोध घेतला तेव्हा कळलं की पेशंटचं रक्त दुपारी ओपीडी संपताना घेतलं जायचं, रात्रभर फ्रीजमध्ये राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आमच्याकडे यायचं. निरोगी रक्त मात्र लॅबमधल्याच मुलांचं. दहाला काढलं की साडेदहाला फायकॉलवर. रक्त बराच वेळ पडून राहिलं की त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात, हलक्या होतात, तळाला न जाता मधल्या कडीत अडकतात आणि शेजारच्या टी पेशींना दाबतात. मी माझं स्वतःचं रक्त काढून अर्धं लगेच लावलं, अर्धं रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीच्या आलेखात माझ्या टी पेशी हुबेहूब कॅन्सर पेशंटसारख्या दिसत होत्या.

त्यानंतर मी पेशंटचं रक्त त्याच दिवशी आणायची सोय केली, पंधरा पेशंट नव्याने घेतले. फरक उरला, पण आधीच्या निम्म्याहूनही कमी. पोस्टर गेलं नाही, पीएचडी वर्षभर लांबली. पण त्या दिवसापासून मला संशोधक म्हणवून घ्यायला हरकत वाटेनाशी झाली, हे मी आजही मनापासून सांगते. स्टुटमन यांच्या उंदरात आणि माझ्या नळीत एकच गोष्ट होती: आपण जे समजून घेतलं ते प्रत्यक्षात ते नव्हतं. आपला नमुना नेमका काय आहे, हे ओळखता येणं हाच या कामाचा कणा आहे. पेशी एकेक करून मोजणारा फ्लो सायटोमीटर, एकेका पेशीची जनुकं वाचणारं सिंगल सेल सिक्वेन्सिंग, कितीही महागडं यंत्र आणा, ते नळीत जे आहे तेच मोजणार.

म्हणून तुम्ही स्वतःला हे विचारून बघा: एखादा निकाल अकरा महिन्यांनी हातातून गेला तर मला आधी चीड येईल की आधी कुतूहल वाटेल? चीड येणारच, सगळ्यांना येते. पण चार दिवसांनी ‘मग ते असं का झालं असेल’ हा किडा डोक्यात वळवळत असेल, तर तुम्ही या कामाच्या आहात.

बाबांच्या मुद्द्याकडे येते. क्यूसीची नोकरी म्हणजे हार, असं कृपा करून समजू नका. कार-टीमध्ये पेशंटच्याच टी पेशी काढतात, लेंटिव्हायरस या विषाणूच्या मदतीने त्यांत कॅन्सर ओळखणाऱ्या रिसेप्टरचं नवं जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत देतात. औषधाची प्रत्येक पिशवी एकाच पेशंटची असते. ती निर्जंतुक आहे का, पेशी जिवंत किती, नवा रिसेप्टर किती टक्के पेशींवर आला, हे तपासल्याशिवाय पिशवी बाहेर पडत नाही. हे तपासणारी मुलं बहुतेक एमएस्सीच असतात. २०१२मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड ही ल्युकेमिया झालेली लहान मुलगी कार-टी घेतल्यावर मरणाच्या दारात पोचली होती. तिच्या रक्तातल्या सायटोकाइन्सची (प्रतिकारपेशींच्या निरोप्या रेणूंची) तपासणी झाली, त्यांतलं आयएल-६ प्रचंड वाढलेलं दिसलं, सांधेदुखीवर वापरलं जाणारं टोसिलिझुमॅब दिलं आणि ती वाचली. कुणीतरी वेळेवर आणि अचूक मोजलं म्हणून. दोन वर्षं अशा ठिकाणी काम करून मग पीएचडीला आलेली मुलं माझ्या अनुभवात हाताने पक्की असतात, नोंदवही नीट ठेवतात. तेव्हा हा रस्ता पीएचडीच्या आड येत नाही. घरी तुमच्या पगाराची आत्ताच गरज असेल तर हाच रस्ता घ्या, निर्धास्तपणे.

पैशाचं स्पष्ट सांगते. जानेवारी २०२३पासून ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,००० मिळतात, घरभाडेभत्ता वेगळा. त्यासाठी नेट-जेआरएफ ही परीक्षा किंवा डीबीटी, आयसीएमआर या सरकारी संस्थांची फेलोशिप काढावी लागते. कळव्याला घरीच राहणार असाल तर एका माणसाचं यात भागतं. घर चालवायचं असेल तर ओढाताण होते, आणि फेलोशिप कधीकधी महिनोन्महिने थकते, हेही गृहीत धरा. पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, तीन-चार. स्वतःची लॅब मिळाली तर पस्तिशीच्या आसपास, आणि ती सगळ्यांना मिळत नाही. पीएचडी झालेले बरेचजण पुढे कंपन्यांत, क्लिनिकल ट्रायल्समध्ये, डेटा ॲनालिसिसमध्ये जातात आणि समाधानी असतात.

परदेशात जायचं का, हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. अगदी नवं तंत्र शिकायचं असेल तर पोस्टडॉकला जरूर जा. पण इथल्या पेशंटमधूनच सुटतील असे प्रश्न आहेत, आणि ते आपण नाही हाताळले तर दुसरं कोण हाताळणार? तंबाखू-गुटख्याने होणारा गालाचा कॅन्सर घ्या. किंवा औषधाचा डोस घ्या. पीडी-१ अडवणारी औषधं आपल्याकडच्या बहुसंख्य पेशंटना परवडत नाहीत. त्यांतल्याच निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांत एक गोष्ट दिसली होती: अगदी कमी डोसातही टी पेशींवरचे पीडी-१ रिसेप्टर जवळपास तेवढेच झाकले जातात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी यावर बोट ठेवलं. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटमध्ये निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त केमो दिली आणि निम्म्यांना त्यासोबत निवोलुमॅब, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा निकाल २०२३मध्ये छापून आला. हा प्रश्न बोस्टनला बसून कुणाला पडला नसता.

आणि तुम्ही ज्या ठिकाणाजवळ राहता त्याची परंपरा तुम्हाला माहीत असावी म्हणून थोडं विषयांतर करते. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं. १९५२मध्ये पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली कॅन्सरच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तिथे देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली, उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर आयुष्यभर काम केलं. तीच संस्था २००२मध्ये खारघरला येऊन ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, झाली. तिथे शुभदा चिपळूणकर यांच्या लॅबने गॅमा-डेल्टा या टी पेशींच्या एका वेगळ्या प्रकारावर वर्षानुवर्षं काम केलं, हा विषय फारसा कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून. ४ जून २०२१ला भारतातली पहिली कार-टी पिशवी ॲक्ट्रेकच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्येच पेशंटला चढली. ती आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या लॅबमधून आलेली होती, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्या उपचाराला सरकारी मंजुरी मिळाली. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की खारघर स्टेशन येतं, इतकं ते जवळ आहे. रणदिवे यांनी ज्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत १९७३मध्ये पुढाकार घेतला, तिची वास्तू वाशीला आहे. तिथे वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. लग्नानंतर हे कसं जमणार, असं तुमच्या आईने विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. त्या पिढीच्या बायकांनी हाच प्रश्न ओळखून ती सोय करून ठेवली, एवढं आईला जरूर सांगा.

गाइडबद्दल मात्र मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. मुलाखतीआधी त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा, गाइडच्या केबिनमध्ये नको. मागच्या तिघांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत ते विचारा. पेशंटचे नमुने मिळतात का, एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे की अजून यायची आहे, संमतीपत्र पेशंटला मराठीत कोण समजावून सांगतं, हे विचारा. मंजुरीची वाट बघण्यात वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि एक प्रश्न नक्की विचारा: शेवटचा निकाल चुकीचा निघाला तेव्हा लॅब मीटिंगमध्ये काय झालं? समोरचा मुलगा गप्प झाला, इकडेतिकडे बघायला लागला, तर तिथे जाऊ नका, मग पेपर कितीही मोठ्या जर्नलमध्ये येत असोत. माझे गाइड त्या फ्रीजच्या भानगडीनंतर एवढंच म्हणाले, ‘बरं झालं आत्ता कळलं. काकांचं नाव पेपरमध्ये घालायचं.’ आणि घातलं.

थोडक्यात, घरची गरज मोठी असेल तर दोन वर्षं क्यूसी, मग पीएचडी. गरज नसेल तर या डिसेंबरची नेट मनापासून द्या. दोन्ही रस्त्यांवर हात पक्का करणं आणि एक नेमका प्रश्न सापडणं हेच काम आहे.

एमएस्सीचं डिझर्टेशन अजून ठरलं नसेल तर कॅन्सरच विषय हवा असा हट्ट धरू नका. निरोगी माणसाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या करून, त्या ठेवून तासातासाने पाहून, कोणत्या वेळेपासून त्यांचं वागणं बदलतं एवढंच मोजा. कॉलेजमध्ये फ्लो सायटोमीटर नसेल, पण सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप आणि ट्रिपॅन ब्लू असणारच. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढा, रक्त प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्या. पहिल्या पाच नळ्यांचे आकडे आले की इथेच टाका, कडीचा फोटोही टाका. मी बघून सांगते.